बॉम्ब लक्ष्यावर, विमान तारेवर: डीसीएसमध्ये हॉर्नेट शिकण्याचा नीट क्रम

डीसीएस या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये एफ/ए-१८सी हॉर्नेट हे लढाऊ विमान शिकताना अडखळणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बटण दाबले पण बॉम्ब सुटलाच नाही. सुटला, पण फुटला नाही. फुटला, पण लक्ष्याच्या पुढे दोनशे मीटरवर. आणि विमानवाहू जहाजावर उतरायला गेले की विमानाचा हुक डेकवरच्या, विमान अडवणाऱ्या चारही तारांवरून सरकून जातो. यातली जवळजवळ प्रत्येक चूक होण्याआधी हड, म्हणजे पायलटच्या डोळ्यांसमोरचा पारदर्शक डिस्प्ले, तिची खूण दाखवत असतो. फक्त ती खूण वाचायची सवय लागलेली नसते. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात आधी तयारी, मग कृती आणि बटण दाबण्यापूर्वी काय दिसायला हवे, असा क्रम ठेवला आहे. टप्पे गाळू नका. पहिला टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, आणि निम्म्या अडचणींचे मूळ तिथेच असते.

टप्पा १: नियंत्रणे आणि सरावाची मोहीम

१. कंट्रोल्समध्ये जाऊन अॅक्सिसची यादी उघडा. डीसीएस नवे उपकरण दिसले की त्याला आपणहून अॅक्सिस जोडून टाकते. त्यामुळे पिच (नाक वर-खाली) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणे) हे जॉयस्टिकबरोबरच थ्रॉटलच्या किंवा पेडलच्या एखाद्या अॅक्सिसलाही चिकटलेले सापडतात. विमान सतत एका बाजूला कलते, नाक आपोआप वर जाते, अशी लक्षणे दिसली की आधी हेच तपासा. प्रत्येक ओळीत एकच उपकरण राहू द्या, बाकीचे पुसून टाका.

२. बॉम्ब आणि लँडिंग या दोन्हींसाठी एवढ्या गोष्टी हाताशी हव्यात: वेपन रिलीज बटण, ट्रिगर, टीडीसी (डिस्प्लेवरचा कर्सर) हलवणे आणि दाबणे, सेन्सर कंट्रोल स्विचच्या (कोणता डिस्प्ले किंवा सेन्सर हाताळायचा ते निवडणारा) चारही दिशा, अनडेझिग्नेट (नोंदवलेले लक्ष्य पुसणारे बटण), पिच आणि रोल ट्रिम (स्टिक न धरता विमान हवे तसे राहावे म्हणून केलेली जुळणी), स्पीडब्रेक. ट्रिम कीबोर्डवर ठेवून जहाजावर उतरण्याचा हट्ट धरू नका. हॉर्नेटमध्ये ट्रिमशिवाय लँडिंग म्हणजे नुसती कुस्ती.

३. मिशन एडिटरमध्ये स्वतःची छोटी मोहीम बनवा. हवेत सुरुवात, स्वच्छ आकाश, वारा शून्य, सपाट मैदानात पाच-सहा उभे ट्रक, आणि २ ते ४ मार्क-८२ बॉम्ब. शत्रूची तोफ किंवा क्षेपणास्त्र ठेवू नका. ती मजा नंतर.

४. लक्ष्यावर वेपॉइंट (नकाशावरचा मार्गबिंदू) ठेवला असेल तर त्याची उंची जमिनीच्या पातळीवर आणा. एडिटर वेपॉइंटला विमानाच्या उड्डाणाची उंची देतो आणि हॉर्नेटचा संगणक तीच लक्ष्याची उंची समजतो. हडवरचा हिरा जमिनीवर न टेकता हवेत लटकलेला दिसला, तर हीच चूक झाली आहे. तसे असताना संगणक हवेतल्या बिंदूसाठी बॉम्ब सोडतो. बॉम्ब त्या बिंदूतून पुढे जाऊन जमिनीवर आदळतो, म्हणजे लक्ष्याच्या पलीकडे.

तपासा: विमान सरळ सोडून स्टिकवरचा हात काढा. दहा सेकंदांत विमान कुठेही वळले किंवा कलले, तर पुढचा टप्पा नाही.

टप्पा २: शस्त्राची तयारी, नेहमी याच क्रमाने

लक्ष्याकडे वळल्यावर स्विच शोधत बसू नका. ही तयारी लक्ष्यापासून १५ नॉटिकल मैलांवर पूर्ण झालेली असावी.

१. ए/जी (हवेतून जमिनीवर) मास्टर मोड.
२. डाव्या डिस्प्लेवर स्टोअर्सचे (शस्त्रांच्या यादीचे) पान. बॉम्बच्या नावासमोरचे बटण दाबले की नावाभोवती चौकट येते.
३. मोड: सीसीआयपी (टप्पा ३) किंवा ऑटो (टप्पा ४).
४. फ्यूज, म्हणजे बॉम्ब फोडणारी यंत्रणा. यांत्रिक फ्यूजला नोज, किंवा विद्युत फ्यूजला इन्स्टंट. दोन्ही ऑफ राहिले तर बॉम्ब अगदी अचूक पडेल आणि मातीत रुतून बसेल. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त बॉम्ब इथेच वाया जातात.
५. क्वांटिटी १. सुरुवातीला एकावेळी एकच बॉम्ब टाका. जोडीने टाकले तर कोणता कुठे पडला ते कळत नाही आणि चूक सुधारता येत नाही.
६. सगळ्यात शेवटी मास्टर आर्म, म्हणजे शस्त्रे सुटू देणारा मुख्य स्विच, आर्मवर.

तपासा: हडवर बॉम्बचे नाव दिसते आणि त्यावर फुली नाही. फुली म्हणजे शस्त्र तयार नाही, आणि बहुतेक वेळा कारण मास्टर आर्म सेफ राहिलेले असते. बटण दाबूनही काही सुटले नाही तर ते पुन्हा पुन्हा दाबू नका, फुली शोधा.

टप्पा ३: सीसीआयपी, सुळकी मारून बॉम्ब

सीसीआयपीमध्ये संगणक सतत सांगत असतो, 'आत्ता सोडला तर इथे पडेल'. हडवर व्हेलॉसिटी व्हेक्टर, म्हणजे विमान प्रत्यक्षात कुठे चालले आहे ते दाखवणारे छोट्या पंखांचे गोल चिन्ह, त्यातून खाली एक रेष निघते आणि तिच्या टोकाला फुलीसारखी खूण असते. ती खूण म्हणजे बॉम्ब पडण्याची जागा.

१. जमिनीपासून १०,००० फूट, वेग ४०० नॉट्सच्या आसपास. लक्ष्य समोर न ठेवता डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवा.

२. लक्ष्य साधारण ३ नॉटिकल मैलांवर आल्यावर विमान लक्ष्याच्या बाजूला कलवा, नाक खाली ओढा आणि सुमारे ३० अंशांच्या सुळकीत पंख सपाट करा. नुसती स्टिक पुढे ढकलून नाक खाली घालू नका. उणे जी पडतो (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर) आणि लक्ष्य नाकाखाली हरवते.

३. व्हेलॉसिटी व्हेक्टर लक्ष्यावर नव्हे, लक्ष्याच्या थोडे पुढे ठेवा. रेष लक्ष्यातून गेली पाहिजे. मग थांबा. विमान जवळ येत जाईल तशी टोकाची खूण रेषेवरून सरकत लक्ष्याकडे येते. खुणेमागे स्टिक घेऊन धावायचे नाही, खुणेला आपल्याकडे येऊ द्यायचे. हे ज्याला जमले त्याला सीसीआयपी जमले.

४. खूण लक्ष्यावर आली की बटण दाबा. बॉम्ब साधारण ५,००० फुटांवर सुटलेला असावा, वेग ४५० ते ४८० नॉट्स.

५. लगेच ४ ते ५ जीने वर ओढा. सरावात ३,००० फुटांखाली जायचे नाही असा नियमच करून टाका. मार्क-८२चे उडणारे तुकडे वाट पाहत नाहीत.

सावधान: लक्ष्य फार दूर असेल किंवा सुळकी उथळ असेल, तर पडण्याची जागा हडच्या खालच्या कडेबाहेर जाते. तेव्हा रेषेवर एक छोटी आडवी खूण दिसते. या अवस्थेत बटण दाबले तर बॉम्ब तिथल्या तिथे सुटत नाही. संगणक ती जागा लक्ष्य म्हणून नोंदवतो आणि मोड ऑटोवर जातो. बटण दाबून लगेच सोडणाऱ्याला वाटते की बॉम्ब अडकला. एक तर सुळकी तीव्र करा, नाहीतर बटण दाबूनच ठेवा.

सावधान: हडवर मोठी फुली चमकली की लक्ष्य विसरा आणि वर ओढा. जमीन जवळ आल्याची ती शेवटची सूचना असते.

बॉम्ब कुठे पडला ते एफ६ दृश्यात (सुटलेले शस्त्र दाखवणारे दृश्य) पाहा आणि चूक ओळखा. अलीकडे पडला, तर खूण पोहोचण्याआधीच बटण दाबले गेले. पलीकडे पडला, तर बटण दाबताना स्टिक ओढली गेली. घाईने वर निघण्याच्या भरात हे होतेच होते. डावी-उजवीकडे पडला, तर पंख सपाट नव्हते. दहापैकी सात बॉम्ब ट्रकजवळ पडेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा ४: ऑटो, सपाट उड्डाणातून बॉम्ब

ऑटोमध्ये तुम्ही जागा ठरवता आणि बॉम्ब कधी सोडायचा ते संगणक ठरवतो. तुमचे बटण म्हणजे फक्त परवानगी. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की ऑटोमधल्या निम्म्या चुका संपतात.

१. टप्पा २ मधली तयारी, मोड ऑटो.
२. एचएसआयच्या (दिशा आणि मार्ग दाखवणाऱ्या) पानावर वेपॉइंट निवडा आणि डब्ल्यूपीडीएसजी (वेपॉइंट लक्ष्य म्हणून नोंदवणारे बटण) दाबा. हडवर लक्ष्याचा हिरा आणि एक उभी रेष येते. ही सुकाणू रेष.
३. व्हेलॉसिटी व्हेक्टर त्या रेषेवर आणा. रेषेकडे वळताना शेवटचे काही अंश हळू घ्या. शेवटच्या पाच सेकंदांत केलेली दुरुस्ती बॉम्ब बाजूला टाकते.
४. हडवर सुटण्याची उलटी मोजणी सुरू होते. शेवटच्या काही सेकंदांत सुकाणू रेषेवरून एक छोटी आडवी खूण खाली येऊ लागते.
५. ती खूण दिसताच बटण दाबा आणि दाबून धरा. खूण व्हेलॉसिटी व्हेक्टरमधून पलीकडे जाईपर्यंत बोट उचलायचे नाही.
६. बॉम्ब गेला की बटण सोडा आणि वळा.

सावधान: दुसऱ्या फेरीपूर्वी अनडेझिग्नेट दाबा. जुने लक्ष्य नोंदलेलेच राहते, आणि सीसीआयपी निवडूनही हड ऑटोसारखा वागतो. 'सीसीआयपी बिघडले' अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच सापडते.

लेझरने मार्गदर्शन होणाऱ्या जीबीयू-१२ साठी हीच पद्धत चालते, फक्त चार गोष्टी वाढतात. पॉडचा, म्हणजे लक्ष्य पाहणाऱ्या आणि लेझर टाकणाऱ्या कॅमेऱ्याचा, एफएलआयआर स्विच निघतानाच चालू करा, त्याला तयार व्हायला वेळ लागतो. बॉम्बचा लेझर कोड आणि पॉडचा कोड एकच हवा. नेहमीचा १६८८ आहे, पण प्रत्येक बॉम्बचा कोड एकेक करून तपासा. लेझरचा स्विच आर्मवर न्या. आणि बॉम्ब सोडल्यावर विमान उलट दिशेने झपकन वळवू नका, कारण स्वतःच्याच पंखाने किंवा पोटाने पॉडची नजर झाकली जाते आणि ऐन शेवटी लेझर तुटतो. ३० अंशांचे शांत वळण पुरे.

टप्पा ५: आधी साधी धावपट्टी

विमानतळाच्या धावपट्टीवर जहाजासारखे उतरायला शिकल्याशिवाय जहाजाकडे जाण्यात अर्थ नाही. एक गैरसमज आधीच दूर करू: हॉर्नेटमधली आयसीएलएस ही उतरण्याचा मार्ग दाखवणारी यंत्रणा फक्त जहाजाची आहे. विमानतळाचा आयएलएस तिच्यावर येत नाही, त्यामुळे विमानतळावर टॅकन (दिशा आणि अंतर दाखवणारा रेडिओ संकेत) वापरा आणि डोळ्यांनी उतरा.

१. २५० नॉट्सखाली चाके, फ्लॅप्स फुल. चाकांचे तीनही दिवे हिरवे.

२. आता वेग विसरा आणि अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन, पाहा. हवा असतो ८.१ अंश. हडवर इंग्रजी ई अक्षरासारखा कंस दिसतो. व्हेलॉसिटी व्हेक्टर त्याच्या मधोमध असला की ऑन-स्पीड. व्हेक्टर कंसाच्या वर गेला तर विमान मंद, खाली गेला तर वेगवान. हडशेजारच्या निर्देशकावर ऑन-स्पीडला मधला पिवळा गोल पेटतो. वरचा हिरवा बाण म्हणजे मंद, खालचा लाल म्हणजे वेगवान.

३. ट्रिम देत देत स्टिक न धरता विमान ऑन-स्पीड राहील तिथपर्यंत या. चाके आणि फ्लॅप्स बाहेर असताना हॉर्नेटची नियंत्रण प्रणाली ट्रिमने ठरवलेला अँगल ऑफ अटॅक धरून ठेवते. म्हणजे इथे स्टिकने उंची नियंत्रित करायची नाही; थ्रॉटल वाढवला की विमान वर, कमी केला की खाली.

४. १,२०० फुटांवर स्टिकवरचा हात काढून फक्त थ्रॉटलने उंची धरायचा सराव करा. मग मिनिटाला ७०० फूट खाली या, पुन्हा सपाट व्हा. हा सराव वीस मिनिटे केला की पुढे दोन आठवडे वाचतात.

५. धावपट्टीच्या सुरुवातीवर व्हेलॉसिटी व्हेक्टर ठेवून तसेच टेका. नाक उचलून हळुवार टेकवायचा मोह आवरा. हॉर्नेटच्या पायांची बांधणी धक्का सोसण्यासाठीच आहे.

तपासा: टेकतानाही पिवळा गोल पेटलेला होता का? सलग पाच वेळा 'हो' आले तर जहाजाकडे चला.

टप्पा ६: जहाज तयार करणे

१. एडिटरमध्ये जहाजाला चालता मार्ग द्या आणि त्याच्या वेपॉइंटवर टॅकन आणि आयसीएलएस सुरू करण्याच्या दोन वेगळ्या आज्ञा घाला. चॅनेलही दोन असतात. एकमेकांशी गल्लत करू नका. या आज्ञा नसतील तर विमानात कितीही बटणे दाबा, हडवर मार्ग दाखवणाऱ्या आयसीएलएसच्या सुया येणार नाहीत.

२. जहाज वाऱ्याकडे तोंड करून चालले पाहिजे. डेकवरचा एकूण वारा २५ ते ३० नॉट्स झाला की चांगले.

३. विमानात टॅकन आणि आयएलएस (आयसीएलएसच्या बटणावर हेच नाव असते) दोन्ही चालू करून आपापला चॅनेल भरा. मग एचएसआयच्या पानावर आयएलएसभोवती चौकट आणा. यंत्रणा चालू असूनही चौकट नसेल तर हडवर सुया दिसत नाहीत. याच एका पायरीवर लोक तासभर घालवतात.

४. चेकलिस्टच्या पानावर विमानाचे वजन वाचा. जहाजावर उतरताना ३४,००० पौंडांहून जास्त नको. जास्त असेल तर इंधन सोडा. बिंगोचा (किमान राखायच्या इंधनाचा) आकडा आधी नीट लावा, कारण तिथे पोहोचल्यावर इंधन सोडणे आपोआप थांबते. न वापरलेले बॉम्बही वजनात मोजले जातात.

५. हुक खाली, अँटी-स्किड बंद, हुक बायपास स्विच कॅरियरवर. ऑन-स्पीड असताना निर्देशकाचे दिवे लुकलुकत असतील तर हुक वरच राहिला आहे.

टप्पा ७: सरळ रेषेत, सुयांच्या आधाराने

बहुतेक जण चित्रफितीत दिसणारे झोकदार वळण आधी शिकायला जातात. क्रम उलटा हवा. आधी दिवसा, स्वच्छ हवेत, पण रात्री वापरतात तो सरळ मार्ग.

१. जहाजाच्या मागे १० नॉटिकल मैल, उंची १,२०० फूट. उतरण्याचा डेक जहाजाच्या दिशेपेक्षा सुमारे ९ अंश डावीकडे तिरका असतो. जहाज ३६० वर चालले असेल तर तुमचा मार्ग ३५१. जहाजाच्या नाकाकडे विमान रोखले तर सुया कधीच मध्ये येणार नाहीत.

२. ८ मैलांवर चाके आणि फ्लॅप्स, ६ मैलांवर ऑन-स्पीड आणि ट्रिम पूर्ण.

३. साधारण ३ मैलांवर आडवी सुई मध्यावर येते. तेव्हा थ्रॉटल किंचित कमी करा आणि मिनिटाला ७०० ते ८०० फुटांचा उतार धरा. उतार ३.५ अंशांचा आहे.

४. उभी सुई मध्ये ठेवताना लक्षात घ्या की डेक सतत उजवीकडे सरकत असतो, कारण जहाज आपल्या दिशेने चालले आहे आणि डेक तिरका आहे. त्यामुळे छोट्या छोट्या उजव्या दुरुस्त्या लागतात. एकच मोठी दुरुस्ती केली की दोन्ही बाजूंना हेलकावे सुरू.

५. तीन चतुर्थांश मैलावर उंची साधारण ३५० फूट. इथून सुया सोडा आणि डेकच्या डाव्या बाजूचा बॉल, म्हणजे उतार दाखवणारा दिवा, पाहा. बॉल हिरव्या आडव्या दिव्यांच्या ओळीत म्हणजे उतार बरोबर. वर गेला तर तुम्ही उंच, खाली गेला तर खाली. बॉल सरकायला लागला की लगेच थ्रॉटल, आणि परिणाम दिसू लागला की अर्धी दुरुस्ती परत घ्या. एवढी तीन हालचालींची लय आहे: वाढवा, कमी करा, स्थिर करा.

६. टेकताक्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे. हुक पकडला गेला की नाही ते नंतर कळू द्या. चाके टेकली म्हणून थ्रॉटल मागे ओढणारा, हुक निसटला की डेकच्या पुढच्या टोकावरून थेट समुद्रात जातो.

हुक चारही तारा चुकवतो, त्याचे कारण बहुतेक वेळा वेग नसून शेवटच्या दोन सेकंदांत नाक खाली घालणे असते. डेक दिसू लागला की हात आपोआप स्टिक पुढे नेतो. नाक खाली आले की मागचा हुक वर उचलला जातो आणि तारांवरून निघून जातो. नजर डेकवर नको, बॉलवर ठेवा. साधायची असते तिसरी तार.

टप्पा ८: वळण घेऊन उतरणे

१. जहाजाच्या मागून, त्याच्या उजव्या बाजूने, जहाजाच्याच दिशेने ८०० फूट आणि ३५० नॉट्स.
२. जहाजापुढे गेल्यावर डावीकडे ब्रेक, म्हणजे तीव्र वळण. उलट दिशेला आल्यावर ६०० फूट, २५० नॉट्सखाली चाके आणि फ्लॅप्स, जहाजापासून १.१ ते १.४ मैलांचे अंतर. इथे ट्रिम अपुरा राहिला तर वळण सुरू करू नका, फेरी सोडून द्या.
३. डेकचे मागचे टोक बाजूला आले की २७ ते ३० अंशांच्या कलाने वळा.
४. अर्ध्या वळणावर उंची साधारण ४५० फूट.
५. वळण संपल्यावर डेकसमोर १५ ते १८ सेकंदांचा सरळ भाग मिळाला पाहिजे.

तो भाग कमी पडत असेल तर उलट दिशेच्या वाटेवर तुम्ही जहाजाच्या फार जवळ होता किंवा वळण लवकर सुरू केले. जास्त पडत असेल तर अंतर कमी करा. वळणात उंची गेली की लोक स्टिक ओढतात, विमान मंद होते आणि उंची आणखी जाते. कललेल्या विमानाला जास्त ताकद लागते, म्हणून वळायला लागतानाच थ्रॉटल थोडा वाढवा आणि पंख सपाट होताना तितकाच परत घ्या. ही परत घ्यायची हालचाल विसरली की बॉल वर जातो आणि पुढचा सगळा मार्ग उंचच राहतो.

प्रत्येक फेरीनंतर ट्रॅक, म्हणजे उड्डाणाची नोंद, पुन्हा चालवून पाहा. फक्त तीन गोष्टी नोंदवा: वळण सुरू करताना अंतर किती, ४५० फुटांच्या जागी प्रत्यक्षात उंची किती, आणि टेकताना निर्देशकावर कोणता दिवा होता.